बरणीतली समुद्रफुलं

"परत आली का गं फुलं?" बाबांनी मागून विचारलं.

मी टाकीच्या काचेला नाक लावून बसले होते. मधल्या मोठ्या खडकाच्या कडेला एक समुद्रफूल पाण्याच्या झोतात डोलत होतं. तपकिरी, अर्धपारदर्शक, करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या खालच्या खाचेत दुसरं, आणि त्याच्या शेजारी तिसरं, अगदी बारीक.

"आली," मी म्हटलं.

"अरेरे." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी मेहनत घेतलीस गं. चहा टाकू का तुला?"

मला चहा नको होता. मला त्या खडकावर हातोडा घालायचा होता. मे महिना होता, नागपूर भट्टीसारखं तापलं होतं, खिडकीतला कूलर घरघरत होता आणि येत्या रविवारच्या गाडीचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. रद्द होणारं हे तिसरं तिकीट असणार होतं.

आमच्या घरात समुद्र होता. बाबा आल्यागेल्याला असंच सांगायचे. "समुद्रापासून इतक्या लांब राहतो, पण आमच्या शलाकाने समुद्र घरी आणला." दिवाणखान्याची एक अख्खी भिंत त्या टाकीने अडवली होती. खारं पाणी आम्ही घरीच बनवायचो, गाळलेल्या पाण्यात खास मीठ विरघळवून. उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला वेगळं यंत्र, वीज गेली तर इन्व्हर्टर. त्यात क्लाउनफिशची एक जोडी होती, दोन-तीन इतर मासे होते आणि जिवंत प्रवाळ होतं. त्यातला हातोडीसारख्या टोकांचा हिरवा हॅमर प्रवाळ मी एम.एस्सी.ला असताना अंगठ्याएवढा आणला होता. तो वाढून वाटीएवढा झाला होता. आई गेली त्या वर्षी मी ही टाकी सुरू केली आणि बाबांनी तिच्यात जीव ओतला. खाणीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर ते दिवसभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे.

मग एकदा आम्ही विकत आणलेल्या दगडाला चिकटून ते एप्टेशिया आलं. दिसायला फूल, पण आहे प्राणी. टाकी पाळणाऱ्यांचा शत्रू. ते शेजारच्या प्रवाळाला डंख मारून जाळतं, आणि ओढून काढायला जावं तर त्याचा जो बारीकसा तुकडा मागे राहतो त्याचं नवीन फूल होतं. मी सुईने औषध टोचलं, ते दुप्पट झालं. पट्ट्यापट्ट्यांचे झिंगे आणून सोडले, त्यांनी बारकी फुलं खाल्ली आणि मोठ्यांच्या वाटेला गेले नाहीत. लांब चोचीचा बटरफ्लायफिश आणला. तो फुलं खातो म्हणतात. आमच्याकडे त्याने कशालाच तोंड लावलं नाही आणि दुसऱ्या आठवड्यात मेला. तो मासा हातात घेऊन मी रडले होते.

शेवटी चेन्नईच्या एका माणसाकडून मी गोगलगायी मागवल्या. समुद्रातल्या, शंख नसलेल्या, भाताच्या शितासारख्या पांढऱ्या, पाठीवर झालर असलेल्या. त्या जगात दुसरं काहीच खात नाहीत, फक्त हे एप्टेशिया. फुलाचे डंख त्यांना लागत नाहीत, उलट ते डंख त्या स्वतःच्या झालरीत साठवून ठेवतात. पण एवढ्या मोठ्या टाकीला त्या मूठभर गोगलगायी पुरणार नव्हत्या. त्यांची पैदास करायला हवी होती आणि पैदास करायची तर त्यांना खायला एप्टेशिया हवं. म्हणजे ज्या किडीने माझा जीव नकोसा केला होता तीच मी मागच्या गॅलरीत बरण्यांमध्ये वाढवायला लागले. बाथरूमच्या कामातून उरलेल्या फिकट निळ्या टाइलचे तुकडे करून त्यावर ती फुलं रुजवली. एक तुकडा उचलायचा, गोगलगायींच्या बरणीत ठेवायचा. त्या तो चाटूनपुसून साफ करायच्या. मग दुसरा तुकडा. हे काम मी बाबांना शिकवलं होतं. ते माझ्यापेक्षा नेटकं करायचे.

पहिल्यांदा टाकी साफ झाली तेव्हा आम्ही जिलेबी आणली होती. त्याच आठवड्यात मला मंडपमहून बोलावणं आलं. रामेश्वरच्या अलीकडे समुद्राकाठी मंडपम आहे. तिथे समुद्रातलं मेलेलं प्रवाळ पुन्हा रुजवण्याचं एक काम सुरू होत होतं. ते काम बघणाऱ्या डॉक्टर सेल्वी म्हणून होत्या. त्यांनी फोनवर माझी अर्धा तास उलटतपासणी घेतली. शेवटी म्हणाल्या, "नागपुरात बसून तू हे शिकलीस? लवकर ये."

मी तिकीट काढलं. जायच्या चार दिवस आधी टाकीत परत फुलं दिसली.

"जा तू," बाबा म्हणाले होते. "मी बघतो. जमलं तर जमलं. नाहीतर काय, मरेल सगळं. तू नको विचार करू."

मी विचार केला. मी तिकीट रद्द केलं.

पुन्हा गोगलगायी सोडल्या, पुन्हा टाकी साफ झाली, पुन्हा मी तिकीट काढलं. आणि पुन्हा फुलं आली. या वेळी ती थेट हॅमर प्रवाळाच्या पायथ्याशी आली. त्याची एक बाजू जळाली. मी चिमट्याने त्याचे मेलेले, पांढरे पडलेले तुकडे काढत होते आणि बाबा शेजारी बशी धरून उभे होते. मी एकेक तुकडा त्या बशीत ठेवत गेले. मध्ये एकदा त्यांनी डोळे पुसले.

सेल्वी मॅडमनी दुसऱ्या वेळीही समजून घेतलं होतं, पण फोन ठेवताना म्हणाल्या होत्या, "शलाका, तुझ्या जागी दुसरं कोणी बघू का, एवढं स्पष्ट सांग."

आणि आता तिसऱ्यांदा तेच.

बाबांनी चहा आणून ठेवला तो तसाच निवला. तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टरवर टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र चालायचं नाही. बाबा लगेच उठले. "चौकातून बर्फ आणतो. पिशवीत बांधून पाण्यात सोडू, नाहीतर उकडून जातील बिचारे," म्हणाले आणि डोक्याला पंचा गुंडाळून त्या उन्हात बाहेर पडले.

मी एकटीच टाकीसमोर उभी राहिले. मला एकच गोष्ट कळत नव्हती. गोगलगायी खाऊन संपवतात. मी भिंग घेऊन प्रत्येक खाच तपासली होती. काही आठवडे काही नसतं आणि मग एकदम वाढलेलं, पोसलेलं फूल दिसतं. बारीक पिल्लू आधी दिसायला नको? कुठेतरी आत मूळ राहत असणार. मी बाह्या वर केल्या आणि तो मधला खडकच काढायचं ठरवलं. दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून मी तो उचलून पुढे ओढला आणि मागच्या बाजूला बोटं फिरवली.

बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. सरळ कडेचं. खडकाला सरळ कड नसते.

मी ते खाचेतून सोडवून बाहेर काढलं. फिकट निळ्या टाइलचा तुकडा होता. त्यावर चांगली पोसलेली फुलं होती, बाहेर काढल्यावर आकसून गोळे झालेली. मी पुन्हा हात घातला. हॅमर प्रवाळाच्या मागे वाळूत अर्धवट पुरलेला दुसरा तुकडा मिळाला.

समुद्रात बाथरूमच्या टाइल नसतात.

मी आधी स्वतःलाच दोष देऊन पाहिला. माझ्याकडून पडला असेल का? पण गॅलरीतल्या बरण्या मी दिवाणखान्यात कधी आणत नव्हते. भांडी वेगळी, चिमटे वेगळे, हात साबणाने धुतल्याशिवाय मी या टाकीला शिवत नव्हते. आणि पडलेला तुकडा खाचेत पाचरीसारखा ठोकून बसत नाही.

स्वयंपाकघरात कुमुदआत्या जमिनीवर बसून चिंचेतले चिंचोके काढत होती. ती बाबांची धाकटी बहीण, आमच्याच इमारतीत खाली राहायची आणि दुपारी आमच्याकडे असायची. मी ओल्या हातांनी तो तुकडा तिच्यापुढे धरला.

"आत्या, हे टाकीत कोणी ठेवलं?"

तिने चष्मा वर सरकवून पाहिलं. "दादानं."

"काय?"

"दादा ठेवून राहिला होता ना. तू बाहेर गेली की गॅलरीतून आणते अन् लावते आत. मला वाटलं, तुमचंच काहीतरी शास्त्र असेल." माझ्या तोंडाकडे बघून तिचे हात थांबले. "काय झालं? चुकलं काय त्याचं?"

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"अगं, मला काय समजते त्यातलं? तुम्ही दोघं दिवसभर त्या पाण्यात हात घालून बसता. मी कशाला विचारू?"

तिचं खरंच होतं. मी तिथून बाहेर आले आणि खुर्चीवर बसले. बाबांच्याच खुर्चीवर. टाइलचे दोन्ही तुकडे मी टीपॉयवर ठेवले. त्यांच्याखाली पाण्याचं थारोळं झालं.

बाबा आले तेव्हा घामाने भिजले होते. दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या होत्या. "मिळाला बाई एकदाचा, त्या रसवंतीवाल्याकडे..." ते बोलता बोलता थांबले. खडक जागेवर नाही हे त्यांनी आधी पाहिलं आणि टीपॉय नंतर.

"हे काय आहे, बाबा?"

"टाइल."

"कुठे सापडली, विचारा."

"तुझ्याकडूनच पडली असेल कधी..."

"आत्याने पाहिलंय तुम्हाला."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बर्फाची एक पिशवी सावकाश टाकीत सोडली, दुसरीची गाठ तपासली, तीही सोडली. मग पंच्याने हात पुसत राहिले. कोरडे झाले तरी पुसत राहिले.

"पहिल्यांदा मी गोगलगायींसाठी ठेवली," ते म्हणाले. "खरंच सांगतो. तू सगळ्या बाहेर काढल्यास, पण एकदोन आत राहिल्या होत्या. काचेवर फिरत होत्या, खायला काही नाही. तूच म्हणाली होतीस, फुलं संपली की त्या उपाशी मरतात. मला बघवेना. म्हणून एक तुकडा ठेवला. त्या कुठे गेल्या कोण जाणे, फुलं मात्र पसरली."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो."

"मग?"

ते खाली बघत होते. "मग तू तिकीट रद्द केलंस."

माझा आवाज चढला.

"आणि दुसऱ्यांदा? तेव्हा कुठल्या गोगलगायी उपाशी होत्या? आणि आत्ता? हे आत्ता कुणाच्या पोटासाठी ठेवलं?"

"शलाका, हळू बोल. शेजारी..."

"शेजारी ऐकू देत! वर्ष गेलं माझं, बाबा. माझ्या बोटांना फोड आलेत या डंखांनी. त्या फोडांवर तूप तुम्ही लावलंत. मी विचारत होते, माझं कुठे चुकतंय, आणि तुम्ही म्हणत होतात, नाही गं, तुझं काही चुकत नाही. या टाकीसमोर बसून मी रडले तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. कोणत्या हाताने फिरवलात? ज्या हाताने टाइल ठोकली त्याच ना?"

"मी तुला एकदा तरी जाऊ नको म्हटलं?" आता त्यांचाही आवाज चढला. "एकदा तरी? सांग ना! उलट जा म्हणालो!"

"तेच तर! नको म्हणाला असतात तर मी भांडले असते. रडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि गेले असते. ते तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही नको म्हणाला नाहीत."

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

"तुमच्यासमोर तो प्रवाळ जळाला," मी म्हटलं. "अंगठ्याएवढा होता तेव्हापासून मी वाढवला. त्याचे तुकडे मी काढत होते आणि तुम्ही बशी धरून उभे होतात. बशी धरून! डोळे कशाला पुसलेत त्या दिवशी? खरं रडत होतात की तेही मला दाखवायला?"

"खरं," बाबा म्हणाले. "देवाशपथ खरं. मला वाटलं नव्हतं ते तिथवर जाईल."

"पण थांबला नाहीत."

"नाही." ते खाली बसले. खुर्चीवर मी होते म्हणून जमिनीवर बसले, टाकीच्या स्टँडला टेकून. "तुझी आई गेल्यानंतर या घरात संध्याकाळी..."

"आईला मध्ये आणू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की आत्या पुढे आली. "पोरी, बाप आहे तो तुझा."

"म्हणूनच, आत्या. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी टाकी विकून मोकळी झाले असते."

मी उठून मागच्या गॅलरीत गेले. एकेक बरणी उचलून आणली. फुलांच्या बरण्या आणि गोगलगायींच्या बरण्या, सगळ्या. बाबा जमिनीवरून बघत होते. पहिली बरणी मी टाकीवर उपडी केली तेव्हा ते धडपडत उठले.

"अगं, काय करतेस? सगळं जळेल!"

"जळू दे." टाइलचे तुकडे ठकठक करत खडकांवर पडले. मी दुसरी बरणी ओतली, मग तिसरी. गोगलगायींच्या बरण्या शेवटी घेतल्या आणि त्या मात्र हळूच बुडवून रिकाम्या केल्या. त्यांचा काही दोष नव्हता. मासे भेदरून कोपऱ्यात जाऊन थरथरत होते.

"आता ऐका," मी म्हटलं. "यात भरपूर फुलं आहेत आणि ती खाणाऱ्याही भरपूर आहेत. वेळ लागेल. काही प्रवाळ मरेल, काही वाचेल. पण यात कोणी हात घातला नाही तर त्या सगळं साफ करतील. मी रविवारी जाणार आहे. टाकी मेली तरी जाणार आहे."

"आणि मी?" बाबांनी विचारलं. अगदी बारीक आवाजात.

हा प्रश्न त्यांनी वर्षभरापूर्वी विचारला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित गेलेच नसते. कदाचित त्यांनाही घेऊन गेले असते. पण त्या दुपारी माझ्यात त्याचं उत्तर द्यायला जागा नव्हती.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं," मी म्हटलं आणि बॅग भरायला गेले.

रविवारी स्टेशनवर आत्या आली. डब्यात तिने थालीपीठं आणि कैरीचा तक्कू बांधून दिला होता. बाबा आले नाहीत. मीही मागे वळून कोणाला शोधलं नाही.

मंडपमला गेल्यावर कितीतरी महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. ते फोन करायचे, मी उचलायची नाही. घरची बातमी आत्याकडून कळायची. बाबांनी टाकीत हात घातला नाही म्हणे. माशांना खाणं टाकायचे, पाणी भरायचे, बाकी काही शिवायचे नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी आत्याने सांगितलं, "ती फुलं गेली सारी. तुझा तो हिरवा प्रवाळही गेला. दादा म्हणते, तुला सांगू नको. मी सांगून राहिले." मी समुद्राकाठच्या शेडमध्ये उभी होते, हातात प्रवाळ बांधायच्या दोऱ्या होत्या. मला पुन्हा तेवढाच राग आला, जणू नुकतंच घडलं होतं.

पुढे बोलणं सुरू झालं. सणावाराला, तब्येतीपुरतं. त्या दुपारचा विषय दोघांनीही काढला नाही. टाकी त्यांनी एका कॉलेजला देऊन टाकली.

काही वर्षांनी आत्याने रामेश्वरचा बेत काढला आणि बाबांना घेऊन आली. मी त्यांना स्टेशनवरून आणलं, पाया पडले, जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्वी मॅडम म्हणाल्या, वडिलांना बोटीतून आपली प्रवाळाची रोपवाटिका दाखवू या. आत्या पाण्याला घाबरली म्हणून काठावरच बसली. बाबा फुगीर नारिंगी जॅकेट घालून बोटीच्या फळीवर बसले. फार वाळले होते. त्या जॅकेटमध्ये त्यांची मान बारीक दिसत होती.

मॅडमना त्यांच्याशी काहीतरी छान बोलायचं होतं. मोडक्या हिंदीत त्या म्हणाल्या, "आपकी बेटी बहुत अच्छी है. आपने ही सिखाया ना? आपने ही भेजा यहाँ?"

बाबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नहीं," ते म्हणाले. "मैंने रोका था. झूठ बोलके रोका. ये खुद आयी."

बोटवाला दोरी सोडायचा थांबला. माझ्या डोक्यात सणक गेली. इतक्या वर्षांत मला एकटीला हे म्हणायला यांना जमलं नव्हतं, आणि आज परक्या बाईसमोर, चारचौघांत. मॅडम गोंधळून हसल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"ये मजाक कर रहे हैं ना?"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. नुसतं मान हलवून मी ते हसण्यावारी नेऊ शकले असते.

"नाही मॅडम," मी म्हटलं, मराठीतच, कारण ते बाबांनी ऐकायला हवं होतं. मग मॅडमसाठी हिंदीत म्हटलं, "सच बोल रहे हैं."

बाबांनी मान खाली घातली आणि हो म्हणून हलवली. इंजिन सुरू झालं. त्यांनी फळीवर सरकून माझ्यासाठी जागा केली. मी उभीच राहिले. खाडी संपून लाटा लागायला लागल्या, बोट उसळायला लागली, तेव्हा त्या जागेवर बसले.